लोकरीची खोली

टिंग.

ओव्हनचं जुनं घड्याळ वाजलं, तेही एकदाच, चमचा पेल्याला लागावा इतकं हलकं. दुपारची वेळ होती. एक ते चार आमच्या गावात कुत्रंसुद्धा भुंकत नाही, त्यामुळे अंगणात दोरीवरचे कपडे काढतानाही मला ते खिडकीतून ऐकू आलं.

रेनाता ओव्हनपासून दोन हातांवर बसली होती. ओव्हनकडे पाठ, पुढ्यात कपड्यांच्या चिमट्यांची आगगाडी. लिंबाच्या केकची राखण तिच्याकडे होती. "वाजलं की मला हाक मार हं," असं मी तिला समोर बसून बजावलं होतं आणि ती "हो" म्हणाली होती. गेल्या वर्षी हेच काम दिलं की घड्याळ वाजायच्या आत तीनदा येऊन "झालं, झालं" म्हणायची. आता ती शांतपणे आगगाडीला डबा जोडत होती.

मी दारात उभी राहून बघत राहिले. वास करपण्याकडे झुकला तेव्हा तिने नाक वर केलं, वळली, आणि मला पाहून म्हणाली, "आई, वाजलंच नाही."

बालवाडीच्या बाई दोन महिने सांगत होत्या, "पोरगी हुशार आहे, पण ऐकत नाही. हट्टी आहे." मीही तसंच धरून चालले होते. हट्टी असेल, बापावर गेली असेल. ब्रूनो लाकडं वाहणारा ट्रक चालवतो, शनिवारी घरी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. त्याच्यावर काहीही ढकलायला सोपं पडतं. पण केकच्या बाबतीत कुठलं मूल हट्ट करतं?

मी सकाळी गावच्या दवाखान्यात खिडकीवर बसते. नंबर देते, फाइली काढते, ओरडणाऱ्यांना पाणी देते. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी रेनाताला पाहिलं, चिठ्ठी लिहिली, मी राजधानीत, मोंतेविदेओला, फोन लावला. कान तपासायची तारीख मिळाली बारा एप्रिल. तेव्हा सप्टेंबर चालू होता. आणि मार्चमध्ये रेनाताची पहिली सुरू होणार होती. वर्गात अठ्ठावीस मुलं, बाई फळ्याकडे तोंड करून बोलणार.

फोन ठेवून मी खिडकीवर तशीच बसून राहिले. रेनाता माझ्या पायाशी रंगवत होती. तेवढ्यात नेलिदाबाई आल्या.

नेलिदाबाई दर मंगळवारी रक्तदाब मोजायला येतात आणि मोजून झाला तरी जात नाहीत. बगलेत थर्मास, हातात भोपळ्याचा पेला, त्यात माते नावाच्या कडू पाल्याचा चहा आणि ओढायची नळी. जो भेटेल त्याला एक घोट. लोकरीच्या गिरणीत त्यांनी चौतीस वर्षं मागावर काढली. गिरणी बंद होऊन वीस वर्षं झाली, कान त्याच्या आधीच गेले. बोलतात ते असं, की नदीपलीकडच्या देशातल्या लोकांनाही त्यांचा रक्तदाब कळावा.

त्या दिवशी मात्र त्यांनी थर्मास बाजूला ठेवला. रेनाताकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग तिच्यासमोर वाकल्या आणि नुसते ओठ हलवले. आवाज अजिबात नाही.

"हो," रेनाता म्हणाली. "पण चॉकलेटचं."

नेलिदाबाईंनी पिशवीतून बिस्किट काढून तिला दिलं आणि माझ्याकडे वळल्या. "पोरी, हिला मी विचारलं, बिस्किट हवं का. ही आमच्यातली आहे. ही ओठ ऐकते."

"म्हणजे काय?"

"मागखात्यात दीडशे माग एकदम चालायचे. तिथं ओरडून काय उपयोग? आम्ही ओठांनीच बोलायचो. लग्नं ओठांवर ठरली, ओठांवर मोडली, आणि फोरमनला शिव्या त्याच्या तोंडासमोर दिल्या, त्याला पत्ता नाही." त्यांनी रेनाताच्या हनुवटीला बोट लावलं. "पण आम्ही ते शिकलो तेव्हा वीस वर्षांच्या होतो. हिला कोणी शिकवलं?"

मग मला सगळं सांगावंच लागलं. टिंग, केक, बारा एप्रिल.

"एप्रिल?" त्यांनी भोपळा खिडकीवर असा आपटला की पाला उडाला. "तोवर काय पोरीने शाळेत जाऊन भिंतीशी बोलायचं?"

आतून डॉक्टर बाहेर आल्या. त्यांनी सांगितलं की, एक ओतेगी नावाच्या बाई आहेत, कानाची यंत्रं पेटीत घालून गावोगाव जातात. इथंही येऊन गेल्या होत्या मागं एकदा. पण दवाखाना पडला हमरस्त्यावर, लाकडाचे ट्रक जातात, खिडक्यांच्या काचा थरथरतात. शांत खोली असल्याशिवाय कान तपासता येत नाहीत म्हणून त्या परत गेल्या.

"किती शांत?" नेलिदाबाईंनी विचारलं.

"त्यांच्याकडे आवाज मोजायचं यंत्र आहे. आकडा पस्तीसच्या वर जाता कामा नये."

"माझ्या तीन पोरांच्या लसी इथं टोचल्या," नेलिदाबाई म्हणाल्या. "नवऱ्याचे शेवटचे तीन महिने इथल्याच नर्सने काढले, सुट्टीच्या दिवशीसुद्धा घरी येऊन. आणि मी काय देते? मंगळवारी हात पुढे करते, तेवढंच. शांतता पाहिजे ना? शांतता आम्ही करू."

डॉक्टरांना वाटलं, म्हातारी बोलतेय. मलाही तसंच वाटलं.

त्याच संध्याकाळी गिरणीच्या पेन्शनरांची क्लबात बैठक झाली, लाकडी गोळे फेकायचा खेळ अर्ध्यावर सोडून. बुधवारी सकाळी सहा वाजता मी झाडलोट करायला दवाखान्यात गेले तर फाटकात चौदा जण उभे. सहा वाजता. मी म्हटलं, "अहो, आठला उघडतो."

"पहिली पाळी सहाला असते," हेबेर म्हणाले. हेबेर गिरणीत खोकी बनवणारे सुतार. "तू गिरणी पाहिली नाहीस म्हणून. आमच्या पोटात अजून भोंगा वाजतो."

मागच्या बाजूला एक अडगळीची खोली होती, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या फाइलींची. ती दोन दिवसांत रिकामी झाली. नेलिदाबाईंनी भिंतीवर फळा टांगला, पाळ्या लावल्या, ज्याला उशीर होईल त्याच्या नावासमोर फुली. कोणीतरी सुचवलं, अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला लावले की आवाज येत नाही म्हणे. नेलिदाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा चहाच करायला गेला.

"पुठ्ठा?" त्या म्हणाल्या. "ज्या गावाने अर्ध्या जगाच्या अंगावर लोकर घातली, ते गाव पुठ्ठा लावणार?"

कातरणीचे दिवस सुरूच झाले होते. मेंढीच्या पोटाची लोकर आखूड आणि मळकी असते, ती कोणाला नको असते, शेडच्या कोपऱ्यात पडून राहते. हेबेरची जुनी गाडी घेऊन नेलिदाबाई आणि आणखी दोघी शेडशेड फिरल्या आणि गोणीवर गोणी घेऊन आल्या. मग दवाखान्याच्या मागच्या अंगणात जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. पिंपांतून गरम पाणी, त्यात लोकर, बाह्या वर केलेल्या सत्तर-पंचाहत्तरच्या बायका. धुतलेली लोकर कुंपणावर, खिडक्यांवर, लस ठेवायच्या खोलीच्या छपरावर. सगळा दवाखाना ओल्या मेंढीसारखा वास मारायचा. खोकल्याचं औषध घ्यायला येणारा आधी नाक मुरडून विचारायचा, "आज कोण ॲडमिट आहे, मेंढा की मेंढी?"

वाळली की पिंजायची. रेनाताला त्यांनी मध्ये बसवलं आणि तिच्याही हातात मूठभर लोकर दिली. त्या सगळ्या काम करताना ओठांनीच बोलायच्या, सवयच ती, आणि माझी लेक, जिला बालवाडीत कोणी खेळायला घेत नव्हतं, तिथं मान इकडून तिकडे फिरवत सगळ्या गप्पा गोळा करायची. घरी येऊन मला सांगायची, "आई, बेबाआजी आणि हेबेरआजोबा एकदा पळून जाणार होते, पण बस चुकली." ते अंगणात कोणीही मोठ्याने बोललं नव्हतं. मी हसले, आणि हसता हसता बोटांवर एप्रिलपर्यंतचे महिने मोजले.

ओतेगी बाईंना डॉक्टरांनी फोन केला. त्या म्हणाल्या, सतरा ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी दहा. खोली पसंत पडली तर गावातली कान तपासायला थांबलेली अकराही मुलं त्याच दिवशी तपासेन आणि दर महिन्याला येत जाईन. नाही पडली तर तो गुरुवार दुसऱ्या गावाला द्यावा लागेल. यादीत पहिलं नाव रेनाताचं होतं, ते मीच माझ्या हाताने लिहिलं होतं.

पाच आठवडे होते. हेबेरनी खोलीच्या आत दुसरी खोली उभी केली, फळ्यांची, आणि दोन्हींच्या मध्ये हातभर लोकर ठासली. छतालाही लोकर. दार त्यांनी स्वतःच्या परसातून आणलं, गिरणीच्या लोकर-कोठाराचं, एवढं जाड की चौघांनी उचललं. त्यात वहीएवढी काच बसवली, आतलं मूल आईला दिसावं म्हणून. ती काच नेलिदाबाईंनी मागितली होती.

राहिली हवा. इतकी बंद खोली, आत मूल गुदमरेल. हे काम वॉशिंग्टनकाकांचं. त्या पिढीत आमच्याकडे घरटी एक वॉशिंग्टन असतो. हे गिरणीचे फिटर. त्यांनी रंगखात्यातला एक लहान पंखा कुठल्याशा खोक्यातून शोधून काढला आणि तीन आठवडे तो मांडीवर घेऊन बसले, नातवाला घ्यावं तसा. पुसायचे, तेल द्यायचे, फिरवायचे आणि अंगणात जो दिसेल त्याला सांगायचे, "ऐक."

मलाही सांगितलं. बाहेर ट्रक, पिंपाखालचा जाळ फडफडतोय, नर्सचा रेडिओ. मी कान लावला आणि खरं तेच म्हणाले, "काहीच ऐकू येत नाही, काका."

"येणारच नाही," ते म्हणाले. "गिरणीत सदतीस वर्षं होतो, माझ्या यंत्राने कधी तक्रार केली नाही."

बुधवारी, सोळा तारखेला, दुपारी खोली पुरी झाली. मला बघू दिली नाही. "उद्या. पाहुण्यांबरोबर." चौदाही जण आत गेले, दार लावून घेतलं आणि तासाभराने बाहेर आले ते लग्नाहून आल्यासारखे.

"स्मशानातसुद्धा अशी शांतता नसते," नेलिदाबाई म्हणाल्या. "तासभर गप्पा मारल्या, भांडलो, हेबेरने माझी माफीसुद्धा मागितली. एक आवाज आला नाही."

मी त्यांच्या आनंदात इतकी बुडाले होते, की ह्या वाक्याचा अर्थ मला रात्रभर कळला नाही.

गुरुवारी सातला मी रेनाताला घेऊन गेले, फरशी पुसायला. खोलीचं दार ओढलं, आत गेले, पंख्याचं बटण दाबलं आणि सहज दार लावून बघितलं.

अंगावर जाड पांघरूण पडावं तसं झालं. रस्ता गेला, ट्रक गेले, नर्सचा रेडिओ गेला. माझाच श्वास मला मोठा वाटायला लागला. म्हाताऱ्यांनो, तुम्ही करून दाखवलंत, असं मी मनात म्हणतेय तोच ती ऐकू आली.

शिट्टी. बारीक, टोकदार, सुईसारखी. वरून, पंख्याच्या नळीतून. थांबत नव्हती, वाढत नव्हती. दार उघडलं की रस्त्याच्या आवाजात विरघळायची, लावलं की पुन्हा कानात शिरायची. मी बटण बंद केलं, शिट्टी गेली; सुरू केलं, आली.

चौदा जण तासभर ह्या खोलीत बसले होते. आणि त्या चौदा जणांत असा बारीक आवाज ऐकू येणारा एकही कान नव्हता.

साडेसातला ते सगळे फाटकात हजर. बायकांनी अत्तर लावलेलं, वॉशिंग्टनकाकांच्या गळ्यात टाय. बेबाबाईंच्या हातात खाऱ्या बनांचा ट्रे. मी कसं सांगू? मी नेलिदाबाईंसमोर उभी राहिले आणि सांगून टाकलं.

त्यांनी माझे ओठ दोनदा वाचले. "शिट्टी?"

"पंख्याची."

"माझा पंखा शिट्टी मारतो?" वॉशिंग्टनकाका पुढे आले. "तूच म्हणालीस अंगणात, काही ऐकू येत नाही."

"अंगणात ट्रक होते हो काका."

"सदतीस वर्षं..."

"सदतीस वर्षं तुला काय ऐकू येत होतं रे म्हाताऱ्या?" नेलिदाबाई म्हणाल्या. "आम्हाला तरी काय येत होतं? बहिऱ्यांनी बसून पास केलेली खोली ही. आपल्या लक्षातच आलं नाही."

 मला भीती वाटली, आता हे सगळे घरी जातील. मग बेबाबाईंना हसू फुटलं, ट्रे हलायला लागला, आणि सगळेच हसले, वॉशिंग्टनकाका सोडून. त्यांनी टाय सोडला, खिशातून पेचकस काढला आणि सरळ खोलीत गेले.

पंखा चालू केला. पेचकसाचं टोक पंख्याच्या नळीला लावलं आणि मूठ दातांत धरली. डोळे मिटले. फिटर लोक असं करतात, कान चालत नसले तर हाडांनी यंत्र वाचतात. टोक तासभर इंचाइंचाने सरकवत नेलं, आणि नळी जिथं खोलीत उघडते तिथं थांबले.

"आहे," ते दातांतून म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता, पण हात स्थिर होते. "थरथर आहे. हवा पत्र्याच्या काठावर कापली जातेय. काठाला काहीतरी मऊ पाहिजे. लोकर चालेल, पण मोकळी नको, उडून जाईल. विणलेली पाहिजे."

"स्वेटर काढ," नेलिदाबाईंनी त्यांना सांगितलं.

त्यांनी काढला. नेलिदाबाईंनी बाही दोन बोटांत चोळली, फक्त एकदा. "अर्धं प्लास्टिक. ही कसली लोकर? दुकानातला आणलास?"

"मुलीने दिलाय वाढदिवसाला."

"मुलीला सांगू नको मी काय म्हटलं ते." आणि त्यांनी स्वतःच्या अंगातला स्वेटर काढला. राखाडी, जाड, कोपरांना ठिगळं. तो मी दहा वर्षं त्यांच्या अंगावर पाहत आले आहे. गिरणीच्या शेवटच्या आठवड्यात, शेवटच्या सुताचा, पाळी संपल्यावर विणलेला. "कात्री दे, पोरी."

"नेलिदाबाई, हा नको."

"नऊ वाजून गेलेत. कात्री."

उजवी बाही खांद्याशी कापली गेली. वॉशिंग्टनकाकांनी ती मोज्यासारखी नळीच्या तोंडावर चढवली, काठ आत दुमडले, सुतळीने बांधले. आता ऐकायचं कोणी? मी. एवढ्या लोकांत ऐकणारी मी एकटी. मी आत, दार बंद, बाहेर काचेला चौदा चेहरे. मी ओठांनी सांगत होते, ते वाचत होते.

'आहे अजून.'

काकांनी दार उघडून सुतळी घट्ट केली. दार बंद.

'कमी झाली. पण आहे.'

पुन्हा उघडलं, बाही चार बोटं आत ओढली. दार बंद. मी डोळे मिटले. स्वतःचं रक्त ऐकू आलं, दोरीवरच्या चादरीच्या फडफडीसारखं. दुसरं काही नाही. आणखी थांबले, कारण आनंदाच्या भरात खोटं सांगायचं नव्हतं. मग काचेकडे तोंड करून म्हटलं, 'थांबली.'

नेलिदाबाई मागे वळल्या आणि त्यांनी ते इतरांना सांगितलं, आवाज न करता. आणि चौदा म्हाताऱ्यांनी काचेपलीकडे, आवाज न करता, दोन्ही हात वर केले. हेबेरनी नेलिदाबाईंना उचललं. खरंच उचललं. इतका मोठा जल्लोष मी कधी ऐकला नाही, म्हणजे ऐकला असं म्हणता येणार नाही, पण तुम्हाला कळलं असेल.

ओतेगी बाई दहाला पाच कमी असताना उतरल्या. बारीक अंगाच्या, केस आखूड, हातात पेटी. त्यांचं स्वागत करायला एक आजी पुढे झाली जिच्या स्वेटरला एकच बाही होती, आणि मागे तेरा जण, सगळ्यांच्या केसांत लोकर. ओतेगी बाईंनी त्या बिनबाहीच्या हाताशी हात मिळवला. आत गेल्या, यंत्र टेबलावर ठेवलं, दार लावलं. आम्ही काचेला. एक ट्रक जाईपर्यंत त्या थांबल्या, मग आणखी एक.

दार उघडून त्या म्हणाल्या, "एकतीस. ट्रक जाताना तेहतीस." आणि भिंतीवर हात फिरवला. "माझ्या शहरातल्या खोलीतही एवढं शांत नसतं. हे कोणी केलं?"

कोणीच उत्तर दिलं नाही. त्या पाठ फिरवून बोलल्या होत्या.

मग रेनाता. खुर्चीवर उशी ठेवली, कानांवर मोठे काळे हेडफोन आले. पुढ्यात नेलिदाबाईंनी गिरणीतली लाकडी रिळं आणि एक टोपली ठेवली होती. आवाज ऐकू आला की एक रीळ टोपलीत टाकायचं, एवढाच खेळ. मी काचेपाशी उभी होते. एक रीळ पडलं. दुसरं. तिसरं. मग ओतेगी बाईंचा हात बटणावर आणि रेनाताचा हात हवेत, रीळ धरून, वाट बघत. डोळे बाईंच्या तोंडाकडे, पण बाईंनी तोंड मुद्दाम वळवलेलं. रीळ हवेतच. किती वेळ. मी काचेला कपाळ टेकलं. नेलिदाबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही.

दुसरं एक लहान यंत्र त्यांनी तिच्या कानांना लावून पाहिलं. मग मला आत बोलावलं, कागदावर कान काढला, त्यात पडदा काढला, आणि पडद्यामागे पेनने ठिपके दिले.

"इथं पाणी साठलंय. चिकट, मधासारखं. सारख्या सर्दीने होतं. आतली नस चांगली आहे, अगदी ठणठणीत. हे पाणी काढता येतं, छोटंसं काम आहे. मी आजच पत्र लिहिते. डिसेंबरमध्ये होऊन जाईल."

"मार्चच्या आधी?"

"मार्चच्या पुष्कळ आधी."

 काचेपलीकडे सगळे बघत होते. मी नुसते ओठ हलवले, 'पाणी आहे. फक्त पाणी.' नेलिदाबाईंनी ते वाचलं आणि मोठ्याने, नदीपलीकडे जाईल अशा आवाजात, सगळ्या दवाखान्याला सांगितलं. बनांचा ट्रे तेव्हाच कुठे फिरला.

उरलेली दहा मुलं चारपर्यंत झाली. पेटी बंद करता करता ओतेगी बाई नेलिदाबाईंना म्हणाल्या, "तुम्ही बसा ना. दहा मिनिटं आहेत."

"माझं काय बघायचंय? गेलेत ते कान."

"आजी, बस," रेनाता म्हणाली. "सोपं आहे."

म्हणून बसल्या, एका बाहीने. रेनाता आणि मी काचेपाशी. बाईंचा हात बटणावर जात होता, येत होता. सुरुवातीला दोन-तीन रिळं पडली. मग काहीच नाही. नेलिदाबाई पुढचं रीळ हातात घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक गोंधळ होता जो मी कधी पाहिला नव्हता. मध्येच त्यांनी ते टाकलं, पुन्हा उचलून घेतलं. शेवटी हेडफोन काढले.

"बाई, मला तर सारखंच वाजतंय," त्या म्हणाल्या; दार उघडं झालं होतं, म्हणून ऐकू आलं. "तुमचं कुठलं आणि माझं कुठलं, कळत नाही."

"कधीपासून वाजतंय?"

"कायमचं. झोपेतसुद्धा. मला वाटायचं सगळ्यांनाच वाजतं. काल आत बसलो होतो तेव्हाही वाजत होतं, मी म्हटलं, ही आपली नेहमीची शांतता."

ओतेगी बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि समोर बसून, हळूहळू, ओठ दिसतील असं काहीतरी सांगितलं. नेलिदाबाई मान हलवत होत्या. बाहेर आल्यावर रेनाताने त्यांचा हात धरला.

"आजी, काय वाजतं तुझ्या कानात?"

"गिरणी."

"पण गिरणी तर बंद आहे."

"बाहेरची," नेलिदाबाई म्हणाल्या आणि तिच्या केसांतला लोकरीचा झुपका काढून स्वतःच्या खिशात ठेवला. "चल, उद्या ये. दुसऱ्या बाहीचं काहीतरी करू या, नाहीतर मी एका अंगाने गारठेन."

घरी जाताना आम्ही गिरणीवरून जातो. मोडक्या काचा, चिमणीवर पक्ष्यांचं घरटं. मला ओरडावंसं, नाचावंसं वाटत होतं. ब्रूनोला फोन करायचा होता, डिसेंबर, डिसेंबर, असं नुसतं म्हणत राहायचं होतं. रेनाताने माझा हात ओढला. तिला काही विचारायचं असलं की मी आता आधी खाली बसते, तिच्या डोळ्यांच्या रेषेत, माझं तोंड उजेडात येईल अशी. तशी बसले.

तिने गिरणीच्या कुलपाकडे पाहिलं, मग माझ्या ओठांकडे.

"आई, माझं पाणी डॉक्टर काढणार. मग आजीच्या कानातली गिरणी कोण बंद करणार?"